कष्टांनी न उलगडणारे यश

बीड जिल्ह्यातील एखाद्या तरुणाने जिल्ह्याबाहेर नाव कमावले की त्याच्या यशाची उपपत्ती बहुधा एका शब्दात आटोपली जाते, आणि तो शब्द म्हणजे कष्ट. ही उपपत्ती खोटी नाही, पण अपुरी आहे. कारण नुसत्या कष्टांनी यश मिळत असते, तर दसरा-दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड बांधून पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघणाऱ्या या जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांइतके यशस्वी लोक महाराष्ट्रात दुसरे कोणी नसते. हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ मिळालेली आणि पुढे ऊस तोडून फेडायची रक्कम, नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक ‘कोयता’ धरणारा हिशेब, पहाटे फडात सुरू होऊन गाडी भरेपर्यंत न थांबणारे काम आणि पालांमध्ये काढलेले पाच-सहा महिने, या सगळ्यात श्रमांची उणीव कोठेच आढळत नाही. उणीव आहे ती श्रमांचे दुसऱ्या कशात तरी रूपांतर होईल अशा वाटांची. म्हणूनच या जिल्ह्यातील एखादी यशस्वी कारकीर्द समजून घ्यायची असेल, तर त्या व्यक्तीने किती कष्ट केले यापेक्षा तिला कोणती वाट सापडली, ती कोणी मोकळी ठेवली आणि वळणावर तिने काय निवडले, हे पाहणे अधिक फलदायी ठरते.

आष्टी तालुक्यातील मांडवा या गावचे धावपटू अविनाश साबळे यांची कारकीर्द अशा अभ्यासाला विशेष सोयीची आहे, कारण धावण्याच्या खेळात प्रत्येक टप्प्याची वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत नोंदलेली असते आणि त्यामुळे प्रगती नेमकी केव्हा झाली व केव्हा खुंटली, याबाबत आठवणींवर विसंबून राहावे लागत नाही. १३ सप्टेंबर १९९४ रोजी जन्मलेले साबळे शेतकरी कुटुंबात वाढले आणि गावाकडून शाळेला जायला वाहनाची सोय नसल्याने सुमारे सहा किलोमीटरचे अंतर ते लहानपणी चालत वा धावत कापत. त्यांच्याविषयीच्या जवळजवळ प्रत्येक लेखात ही शाळेची वाट येते आणि तिच्यातच धावपटू घडला, असे सुचवले जाते. पण त्या काळी मराठवाड्यातील हजारो मुले अशीच शाळेत जात होती आणि त्यांतून स्टीपलचेसचा राष्ट्रीय विक्रमवीर एकच निघाला. तेव्हा त्या वाटेला श्रेय द्यायचेच असेल, तर ते हात राखून दिलेले बरे. आष्टी हा सीना नदीच्या काठचा, पर्जन्यछायेत येणारा तालुका, आणि तेथे वाहतुकीची सोय किती उशिरा पोहोचली हे सांगायला एक तारीख पुरेशी आहे: नगरहून आष्टीपर्यंतची रेल्वे सुरू झाली ती २३ सप्टेंबर २०२२ रोजी, म्हणजे साबळे यांनी राष्ट्रकुल स्पर्धेत पदक जिंकल्यानंतर दीडेक महिन्याने.

बारावीनंतर साबळे यांनी जो मार्ग धरला तो बीडमधील असंख्य तरुणांचा मार्ग होता. ते सैन्यात भरती झाले. त्यांची नेमणूक महार रेजिमेंटच्या पाचव्या पलटणीत झाली. १९४१ मध्ये बेळगावात उभी राहिलेली ही रेजिमेंट महाराष्ट्राशी जुने नाते असलेली आहे. २०१३-१४ मध्ये ते सियाचीनच्या हिमनदीवर तैनात होते, पुढे राजस्थानच्या वाळवंटात आणि सिक्कीममध्येही त्यांनी सेवा केली. या काळात त्यांच्यासमोर धावपटू होण्याचा कोणताही आराखडा नव्हता; नोकरी हेच ध्येय होते आणि ते साध्य झाले होते. दुष्काळी भागातील घरात महिन्याच्या महिन्याला येणारा पगार ही किती मोठी गोष्ट असते हे ज्यांना ठाऊक आहे, ते या टप्प्याला यशाची पूर्वतयारी न म्हणता यशच म्हणतील, आणि ते रास्तही आहे. पण पुढे जे घडले त्याच्या दृष्टीने या नोकरीचे मोल आणखी निराळे होते. सैन्यात पलटणी-पलटणींमध्ये, विभागा-विभागांमध्ये खेळांच्या स्पर्धा सतत होत असतात, चांगल्या खेळाडूला नेहमीच्या कामातून सराव करण्यासाठी सवड मिळते, त्याच्या आहाराची आणि दुखापतींवरील उपचारांची व्यवस्था लागते, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एखादे वर्ष वाया गेले तरी घरचा पगार थांबत नाही. प्रयोग फसला तरी चूल पेटती राहील ही शाश्वती ज्याला नाही, त्याला प्रयोग करण्याची उमेद येणे कठीण असते. ऊसतोडीच्या उचलीत आणि सैन्याच्या पगारात मुख्य भेद हाच आहे.

२०१५ मध्ये साबळे सैन्यांतर्गत क्रॉस कंट्री स्पर्धेत उतरले. क्रॉस कंट्री म्हणजे ट्रॅक सोडून माळरान, चढ-उतार, चिखल अशा नैसर्गिक जमिनीवरून काढलेली लांब पल्ल्याची धाव. त्यांचे वय तेव्हा एकवीसच्या आसपास होते, आणि ज्या खेळात पूर्व आफ्रिकेतील मुले विशीपूर्वीच जागतिक दर्जाची वेळ नोंदवतात, त्यात ही सुरुवात फार उशिराची म्हणावी लागेल. मधल्या काळात दुखापत झाली, वजन वाढले, ते पुन्हा उतरवावे लागले. निर्णायक वळण आले ते २०१७ मध्ये, जेव्हा सैन्यातील प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्यांना क्रॉस कंट्रीतून काढून स्टीपलचेसकडे वळवले. त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत महत्त्वाचा निर्णय कोणता असे विचारले, तर उत्तर हेच द्यावे लागेल, आणि तो निर्णय पूर्णपणे त्यांचा एकट्याचा नव्हता, हेही लक्षात ठेवावे लागेल.

स्टीपलचेस ही ३००० मीटरची अडथळ्यांची शर्यत आहे. तिचे मूळ ब्रिटन आणि आयर्लंडमधील घोडदौडीत असून, एका गावच्या चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावच्या मनोऱ्यापर्यंत वाटेतील कुंपणे आणि ओढे ओलांडत जाण्याच्या पैजेवरून तिला हे नाव मिळाले. आधुनिक शर्यतीत धावपटूला २८ वेळा लाकडी अडथळे आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. पुरुषांच्या शर्यतीतील अडथळा सुमारे ९१ सेंटिमीटर उंच असतो, आणि हर्डल्सच्या शर्यतीतील अडथळ्याप्रमाणे तो पाय लागताच कोसळत नाही. तो इतका जड असतो की धडक बसली तर अडथळा जागच्या जागी राहतो आणि धावपटू पडतो. पाण्याच्या खड्ड्यापाशी बहुतेक धावपटू अडथळ्यावर पाय टेकवून पुढे झेप घेतात आणि खड्ड्याच्या उथळ कडेला उतरतात. यामुळे या शर्यतीत नुसता वेग उपयोगाचा नसतो. प्रत्येक उडीनंतर मोडलेली लय पुन्हा बसवण्यात, गर्दीत समोरचा अडथळा दिसत नसताना पावलांचा अंदाज ठेवण्यात आणि थकलेल्या पायांनी शेवटच्या पाणउडीपर्यंत शरीराचा तोल टिकवण्यात शर्यतीचा निकाल ठरतो. सपाट ट्रॅकवर जो धावपटू जगातल्या पहिल्या पन्नासांतही येणार नाही, तो या शर्यतीत पहिल्या दहांत येऊ शकतो. अमरीश कुमार यांनी साबळे यांच्यात हेच हेरले असावे, कारण पुढच्या घटनाक्रमाने ते सिद्ध केले.

सप्टेंबर २०१८ मध्ये भुवनेश्वर येथील राष्ट्रीय खुल्या स्पर्धेत साबळे यांनी ८ मिनिटे २९.८० सेकंद अशी वेळ नोंदवून गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा ८:३०.८८ हा राष्ट्रीय विक्रम मोडला. एक विक्रम सदतीस वर्षे टिकतो तेव्हा त्यात विक्रमवीराचा मोठेपणा असतो, पण त्या खेळाकडे देशाने केलेले दुर्लक्षही असते, आणि या विक्रमाच्या बाबतीत दुसरी गोष्ट अधिक खरी मानावी लागते. त्याच वर्षी पायाच्या दुखापतीमुळे त्यांची आशियाई स्पर्धा हुकली होती, आणि राष्ट्रीय शिबिरात बेलारूसचे प्रशिक्षक निकोलाय स्नेसारेव्ह यांच्याकडे काही काळ सराव केल्यावर ती पद्धत मानवत नाही असे ठरवून ते अमरीश कुमार यांच्याकडे परतले होते. नामांकित परदेशी प्रशिक्षक सोडून सैन्यातल्या आपल्या प्रशिक्षकाकडे परत जाणे हा निर्णय त्या वेळी अनेकांना मागे जाण्यासारखा वाटला असेल. पुढे मात्र त्यांनी अमेरिकेतील कोलोराडो स्प्रिंग्ज येथे स्कॉट सिमन्स यांच्याकडेही दीर्घकाळ सराव केला. ते ठिकाण समुद्रसपाटीपासून १८०० मीटरहून उंच असून, विरळ हवेत राहिल्याने रक्तातील प्राणवायू वाहून नेणाऱ्या तांबड्या पेशींचे प्रमाण वाढते, या तत्त्वावर तेथील सराव आधारलेला असतो. दोन्ही निर्णय एकत्र पाहिले की परदेशी की देशी, हा प्रश्न त्यांच्यापुरता गौण होता असे दिसते. आपल्या शरीराला या टप्प्यावर काय सोसते आणि काय हवे, एवढाच निकष त्यांनी लावला.

२०१९ च्या दोहा येथील जागतिक स्पर्धेत जे घडले ते व्यक्तिगत यशाच्या रूढ कल्पनेला बरेच धक्के देणारे आहे. प्राथमिक फेरीत दुसऱ्या धावपटूंच्या पडझडीत साबळे यांना दोनदा अडथळा आला, तरीही ८:२५.२३ असा नवा राष्ट्रीय विक्रम करून ते सातवे आले, आणि या क्रमांकावर त्यांची स्पर्धा तेथेच संपायला हवी होती. भारतीय पथकाने मात्र अधिकृत हरकत नोंदवली, चित्रफीत पाहून ती मान्य झाली आणि त्यांना अंतिम फेरीत जादा धावपटू म्हणून स्थान मिळाले. त्या अंतिम फेरीत त्यांनी ८:२१.३७ ही वेळ दिली, तेरावे आले आणि टोकियो ऑलिंपिकची पात्रता मिळवली. १९५२ मध्ये गुलजारा सिंग मान यांच्यानंतर पुरुषांच्या स्टीपलचेसमध्ये ऑलिंपिकला गेलेले ते पहिले भारतीय ठरले. नियमपुस्तक माहीत असलेला आणि वेळेत अर्ज करणारा कोणी त्या दिवशी मैदानावर नसता, तर धावपटूच्या सर्व कष्टांसह ही पात्रता त्या दिवशी हुकली असती. महाराष्ट्रातील ग्रामीण खेळाडूंच्या हुकलेल्या संधींचा इतिहास कोणी लिहिलाच, तर त्यातील मोठा भाग मैदानावरील पराभवांऐवजी अशा न भरलेल्या अर्जांचा निघेल, असे मानायला जागा आहे.

टोकियोत त्यांनी ८:१८.१२ अशी पुन्हा राष्ट्रीय विक्रमी वेळ दिली आणि तरीही ते अंतिम फेरीत गेले नाहीत. प्रत्येक प्राथमिक फेरीतील पहिले तीन आणि उरलेल्यांतील सर्वांत जलद सहा अशी तेव्हाची पद्धत होती, आणि गाळल्या गेलेल्या सर्वांमध्ये सर्वांत जलद साबळे होते. पुढे पात्रतेची पद्धत बदलली आणि वेळेचा आधार काढून घेऊन प्रत्येक फेरीतील पहिल्या पाचांनाच प्रवेश मिळू लागला. या नव्या पद्धतीत २०२३ च्या बुडापेस्ट येथील जागतिक स्पर्धेत ते सातवे येऊन बाहेर पडले, तर २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ८:१५.४३ वेळेसह नेमके पाचवे येऊन अंतिम फेरीत पोहोचणारे पहिले भारतीय पुरुष स्टीपलचेसपटू झाले. अंतिम फेरीत ८:१४.१८ वेळेसह ते अकरावे आले. वेळ आणि क्रमांक ही यशाची दोन वेगळी मापे आहेत आणि ती नेहमी एकमेकांशी जुळत नाहीत: वेळ ही धावपटूच्या हातातील गोष्ट असते, तर क्रमांक इतर चौदा-पंधरा जणांनी त्या दिवशी काय केले यावरही ठरतो. २०१८ ते २०२४ या सहा वर्षांत साबळे यांनी राष्ट्रीय विक्रम दहा वेळा मोडला, आणि त्यांतील पहिला विक्रम सोडला तर बाकी प्रत्येक वेळी त्यांनी स्वतःचाच विक्रम मागे टाकला. ७ जुलै २०२४ रोजी पॅरिसमधील डायमंड लीगमध्ये, म्हणजे जगातील निवडक धावपटूंना निमंत्रित करणाऱ्या स्पर्धामालिकेत, त्यांनी ८:०९.९१ वेळ दिली, तेव्हा ते सहावे आले होते. भुवनेश्वरचे साबळे आणि पॅरिसचे साबळे एकाच शर्यतीत धावले असते, तर पॅरिसचे साबळे रेषा ओलांडत असताना भुवनेश्वरचे साबळे सुमारे ११५ मीटर मागे राहिले असते.

वेळ सुधारण्यापेक्षा डावपेच शिकणे त्यांना अधिक जड गेले, असे २०२२ च्या दोन शर्यती शेजारी ठेवल्या की दिसते. जुलैमध्ये युजीन येथील जागतिक स्पर्धेची अंतिम शर्यत अतिशय संथ झाली. कोणीच पुढाकार घेईना, सगळे एकमेकांकडे पाहत शेवटच्या फेरीची वाट बघत राहिले, आणि अखेरच्या वेगवान धावेत साबळे ८:३१.७५ वेळेसह अकरावे राहिले. ही वेळ त्यांच्या स्वतःच्या चार वर्षांपूर्वीच्या विक्रमापेक्षाही मंद होती. १९ दिवसांनी, ६ ऑगस्ट रोजी, बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ते आघाडीच्या केनियन धावपटूंना पहिल्यापासून बिलगून राहिले आणि शेवटच्या सरळ पट्ट्यात त्यांनी अब्राहम किबिवोट यांना जवळजवळ गाठले. किबिवोट यांची वेळ ८:११.१५ आणि साबळे यांची ८:११.२०, पाच शतांश सेकंदांचा फरक जमिनीवर मोजला तर तो फूट-सव्वा फुटाचा भरतो. १९९८ पासून राष्ट्रकुल स्पर्धेत या शर्यतीची तिन्ही पदके केनियाकडेच जात होती, ती परंपरा या रौप्यपदकाने मोडली. पुढच्या वर्षी हांगझू येथील आशियाई स्पर्धेत, जिथे प्रतिस्पर्धी त्या तोडीचे नव्हते, त्यांनी सुरुवातीपासून एकट्याने आघाडी घेऊन ८:१९.५० या स्पर्धाविक्रमी वेळेत सुवर्णपदक जिंकले, आणि तीन दिवसांनी ५००० मीटरमध्ये रौप्यपदकही मिळवले. अर्धमॅरेथॉनमध्ये त्यांनी २०२० साली दिल्लीत १ तास ३० सेकंद अशी राष्ट्रीय विक्रमी वेळ दिली होती, आणि ५००० मीटरमधील बहादूर प्रसाद यांचा १९९२ चा विक्रमही त्यांनी २०२२ मध्ये मोडला. तरीही मुख्य शर्यत कोणती याबाबत त्यांनी गोंधळ होऊ दिला नाही.

योग्य प्रकार निवडण्याचे महत्त्व किती, हे बीड जिल्ह्यातीलच दुसऱ्या एका कारकिर्दीवरून उलट बाजूने कळते. पाटोद्याचे मल्ल राहुल आवारे यांनी २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्णपदक जिंकले आणि २०१९ मध्ये नूर-सुलतान येथील जागतिक कुस्ती स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्यपदक मिळवले. जागतिक पदक मिळवणारा मल्ल साहजिकच ऑलिंपिकचा दावेदार ठरायला हवा, पण ६१ किलो हा गट ऑलिंपिकमध्ये नाही. म्हणजे ज्या गटात ते जगात पहिल्या तिघांत होते, त्या गटाला सर्वोच्च स्पर्धेत दारच नव्हते. आवारे यांचे श्रम साबळे यांच्या श्रमांपेक्षा कमी होते, असे कोणी म्हणणार नाही. महाराष्ट्र पोलीस दलात उपअधीक्षक म्हणून त्यांना मिळालेली नेमणूक हा कारकिर्दीचा सन्माननीय टप्पा आहे, आणि साबळे यांच्याप्रमाणेच त्यांच्याही बाबतीत सरकारी सेवेचा आधार दिसतो, हा योगायोग मानता येत नाही.

मे २०२५ मध्ये गुमी येथे आशियाई विजेतेपद मिळवल्यावर जुलैमध्ये मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये पाण्याच्या खड्ड्यापाशी साबळे यांच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि शस्त्रक्रिया करावी लागली. तिशी ओलांडलेल्या स्टीपलचेसपटूला अशा दुखापतीतून परतायला बराच काळ लागतो, आणि ज्या पाणउडीने त्यांचे वैशिष्ट्य सिद्ध केले तीच आता त्यांच्या गुडघ्याची परीक्षा ठरणार आहे. उपचारांचा हा काळ सैन्याच्या सेवेत असताना आला, ही गोष्ट त्यांच्या बाबतीत पुन्हा एकदा निर्णायक आहे.

आष्टी, पाटोदा, शिरूर, केज या तालुक्यांत आजही पहाटे रस्त्याच्या कडेने मुले-मुली धावताना दिसतात. सैन्याच्या आणि पोलिसांच्या भरतीतील धावण्याची चाचणी हे त्यांचे उद्दिष्ट असते आणि त्यासाठी गावोगावी खाजगी अकॅडम्या निघाल्या आहेत. यांतील एखाद्याने साबळे यांची वाट जशीच्या तशी धरायची म्हटली, तर एक अडचण आहे. २०२२ पासून सैन्यात जवानांची भरती अग्निपथ योजनेखाली होते. तिच्यात सेवा चार वर्षांची असते आणि त्यानंतर प्रत्येक तुकडीतील २५ टक्क्यांपर्यंत अग्निवीरांना कायम केले जाते. साबळे सियाचीनवर होते तेव्हापासून पहिला राष्ट्रीय विक्रम होईपर्यंत चारहून अधिक वर्षे गेली होती, आणि त्यातील पहिला भाग तर धावण्याशी संबंध नसलेल्या सेवेत गेला होता. लहान वयातच गुण दिसलेल्या मुलांसाठी सैन्याच्या बॉईज स्पोर्ट्स कंपन्या आहेत आणि तयार खेळाडूंसाठी थेट भरतीची सोयही आहे. पण ज्याचे गुण विसाव्या वर्षानंतर, नोकरीत असताना, एखाद्या पलटणीच्या क्रॉस कंट्रीत उघड होतात, अशा मांडव्यासारख्या गावातून आलेल्या जवानाला पुढची सहा-सात वर्षे कोण सांभाळणार, याचे उत्तर नव्या व्यवस्थेत अजून स्पष्ट झालेले नाही.